काढ्याने ताप उतरला, हे कशावरून?



मागच्या पावसाळ्यानंतर एका तालुक्याच्या गावी भरलेले शालेय विज्ञान प्रदर्शन पाहण्याचा योग आला. अशा प्रदर्शनात औषधी वनस्पतींचे तक्ते हटकून असतात, तसे तेथेही होते. तुळस, अडुळसा, गुळवेल, कोरफड ही मंडळी हजर होतीच. नववीतल्या एका मुलीने मात्र सातविणीचा तक्ता केला होता. एका देठाभोवती चक्राकार येणारी तिची पाने नीट सुकवून चिकटवली होती आणि खाली तांबड्या शाईने लिहिले होते, 'हिवतापावर रामबाण'.

मी तिला विचारले, "हे कशावरून?"

ती म्हणाली, "आमच्या मामाला थंडी वाजून ताप आला होता. आजीने सालीचा काढा दिला. दुसऱ्या दिवशी ताप गेला."

"पुन्हा आला नाही?"

मुलगी प्रामाणिक होती. थोडे थांबून म्हणाली, "एक दिवस बरं गेला, मग परत आला. परत काढा दिला, परत उतरला. असं तीन-चारदा झालं. मग दवाखान्यात नेलं. तिथे रक्त तपासलं आणि गोळ्या दिल्या."

तक्त्यावर दवाखान्याचा उल्लेख कुठेच नव्हता. तिला त्याबद्दल दोष देण्याचे कारण नाही. तिने जे ऐकले, वाचले तेच उतरवले होते. पण तिचा तक्ता आणि तिचे बोलणे यांत जे अंतर होते, त्याविषयी तुमच्याशी आणि तुमच्या शिक्षकांशी चार शब्द बोलावेत असे तेव्हापासून मनात आहे.

हिवतापाचे परजीवी आपल्या रक्तातील तांबड्या पेशींत शिरतात, तेथे वाढतात, एकाचे अनेक होतात आणि पेशी फोडून बाहेर पडतात. पेशी फुटल्या की माणसाला हुडहुडी भरते, मग ताप चढतो, मग दरदरून घाम येतो आणि ताप उतरतो. हा सगळा खेळ काही तासांचा असतो. आपल्याकडे नेहमी आढळणाऱ्या व्हायव्हॅक्स जातीच्या परजीवीला पेशीत शिरण्यापासून ती फोडण्यापर्यंत सुमारे ४८ तास लागतात. म्हणून पुष्कळदा ताप एकाआड एक दिवस येतो. जुनी माणसे याला 'पाळीचा ताप' म्हणत, ते याच कारणाने.

आता मामाची हकिगत पुन्हा पाहा. ताप चढलेल्या संध्याकाळी काढा दिला. रात्री घाम आला, सकाळी अंग थंड. त्या संध्याकाळी मामाने काढ्याऐवजी कैरीचे पन्हे घेतले असते, तरी सकाळी अंग थंडच लागले असते. पाळीच्या तापात प्रत्येक औषध दुसऱ्या दिवशी गुणकारी ठरते. आजी खोटे बोलत नव्हती. हा रोगच असा लबाड आहे की तो पाहणाऱ्याला फसवतो.

म्हणजे हिवतापावर एखाद्या वनस्पतीचा उपयोग होतो की नाही, हे ठरवायचे तरी कसे? या प्रश्नाचा इतिहास मोठा मनोरंजक आहे आणि त्याची एक सुरुवात आपल्याच देशात झाली.

दक्षिण अमेरिकेतील सिंकोना झाडाची साल हिवतापावर चालते हे सतराव्या शतकापासून युरोपात माहीत होते. १८२० साली पेलेटिए आणि काव्हान्तू या दोन फ्रेंच औषधशास्त्रज्ञांनी तिच्यातून क्विनीन वेगळे काढले. पुढे इंग्रजांनी निलगिरीत आणि दार्जिलिंगच्या बाजूला सिंकोनाची लागवड केली. महाबळेश्वराजवळ लिंगमळ्यालाही प्रयत्न झाला, पण तो फसला. या सालीत क्विनिनखेरीज आणखी तीन अल्कलॉइडे असतात आणि ती स्वस्त पडत. मग त्यांचा उपयोग का करू नये? १८६६ ते १८६८ या काळात हिंदुस्थानात ३,६०० रुग्णांवर या चारही द्रव्यांची तुलना करण्यात आली. चारही द्रव्यांनी ९८ टक्क्यांहून अधिक रुग्णांचा ताप थांबला.

परंतु त्या परीक्षेला एक मर्यादा होती. हिवतापाचा परजीवी लाव्हराँ या फ्रेंच डॉक्टरने अल्जीरियात पाहिला तो १८८० साली. त्याआधीच्या या चाचणीत मोजता येत होता तो फक्त ताप. आज आपण रक्ताचा थेंब काचपट्टीवर पसरतो, रंगवतो आणि सूक्ष्मदर्शकाखाली परजीवी मोजतो. ताप हा धूर आहे, परजीवी ही आग आहे. धूर कमी झाला म्हणून आग विझली असे होत नाही.

आता सर्वांत गाजलेले उदाहरण घेऊ.

१९६० नंतरच्या दशकात व्हिएतनामच्या जंगलांत युद्ध चालू होते आणि दोन्हीकडचे सैनिक गोळीइतकेच हिवतापाने बेजार झाले होते. क्लोरोक्विन हे तोवरचे हुकमी औषध फॅल्सिपेरम या घातक जातीपुढे निकामी ठरू लागले होते. अमेरिकेने दोन लाखांहून अधिक रासायनिक द्रव्ये तपासली. चीनने २३ मे १९६७ रोजी एक गुप्त प्रकल्प सुरू केला. तारखेवरूनच त्याला '५२३' हे नाव पडले. १९६९ मध्ये त्यातील एका गटाचे नेतृत्व बीजिंगच्या तू यूयू या संशोधिकेकडे आले. त्यांचे वय तेव्हा ३८ होते.

त्यांनी काय केले? जुन्या वैद्यकग्रंथांतून आणि वैद्यांकडून २,००० हून अधिक पाठ जमवले. त्यांतून ६४० निवडले. सुमारे २०० वनस्पतींचे ३८० हून अधिक अर्क काढून ते हिवताप झालेल्या उंदरांना दिले. अर्क काढणे म्हणजे काय, तर वनस्पतीचा भाग सुकवून भरडायचा, पाणी, अल्कोहोल किंवा अन्य द्रावकात भिजवायचा, गाळायचा आणि द्रावक उडवून लावायचा. मागे जे उरते तो अर्क. आपल्या घरचा काढा हाही एक अर्कच, फक्त त्याचा द्रावक उकळते पाणी.

छिंगहाव नावाच्या वनस्पतीचा अर्क एकदा चांगला ठरला. पण प्रयोग पुन्हा केला तर गुण येईना. येथे एखाद्याने वही मिटली असती. तू यूयू पुन्हा ग्रंथांकडे वळल्या. चौथ्या शतकातील गे होंग या वैद्याच्या पुस्तकात छिंगहाव घेण्याची जी रीत दिली होती तिच्यात काढा नव्हताच. वनस्पती साध्या पाण्यात भिजवून, पिळून तो रस प्यावा असे सांगितले होते. त्यांच्या मनात आले, उकळल्याने तर गुण जात नसेल? म्हणून त्यांनी ईथर हा द्रावक घेतला. ईथर सुमारे ३५ अंश सेल्सियसलाच उकळतो, म्हणजे वनस्पतीला फारशी उष्णता लागत नाही. पुढे त्या अर्कातील आम्ल भाग काढून टाकला आणि उदासीन भाग ठेवला. ४ ऑक्टोबर १९७१ रोजी १९१ क्रमांकाच्या नमुन्याने उंदरांतील परजीवी शंभर टक्के नाहीसे झाले. त्याच्या आधीच्या १९० नमुन्यांची आठवण कोणी काढत नाही, पण मला त्यांच्याविषयीही आदर वाटतो.

एक गंमत सांगतो. उष्णतेविषयीचा तो तर्क सर्वस्वी बरोबर होता असे आज म्हणता येत नाही. शुद्ध स्फटिकरूपात हे द्रव्य उष्णतेला बऱ्यापैकी टिकते. मात्र ते पाण्यात अगदी थोडे विरघळते आणि ईथरमध्ये चांगले विरघळते. कारण अर्धवट समजले होते, निवड बरोबर ठरली. विज्ञानात असेही घडते. जुन्या ग्रंथाने उत्तर दिले नाही, प्रश्न दिला. उत्तर उंदरांनी दिले.

पुढची हकिगतही सरळ नाही. त्या काळात औषधी कारखाने बंद होते, म्हणून घरगुती वापराच्या मोठ्या रांजणांत अर्क काढावे लागले. माणसांना देण्यापूर्वी १९७२ मध्ये तू यूयू आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो स्वतः घेऊन पाहिला. मग हैनान बेटावर २१ रुग्णांना दिला. ताप उतरला आणि रक्तातील परजीवीही गेले. त्याच वर्षी त्यातले शुद्ध द्रव्य मिळाले. त्याला आज आपण आर्टेमिसिनिन म्हणतो. त्याच्या गोळ्या करून पुन्हा रुग्णांना दिल्या, तर परिणाम निराशाजनक! शोध घेतला तेव्हा कळले की गोळी इतकी घट्ट होती की ती पोटात नीट विरघळतच नव्हती. तेच द्रव्य कॅप्सूलमध्ये भरून दिले आणि गुण आला. म्हणजे 'नाही' असे उत्तर आले, तरी ते कोणी दिले, औषधाने की गोळीने, हेही विचारावे लागते. तू यूयू यांना २०१५ मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. लखनौच्या केंद्रीय औषधी संशोधन संस्थेने याच द्रव्यापासून आर्टीथर हे इंजेक्शनाचे औषध तयार केले.

छिंगहाव म्हणजे आर्टेमिसिया ॲन्युआ. चैत्रात जोतिबाला आपण जो दवणा वाहतो तो याच कुळातला, किंबहुना याच प्रजातीसमूहातला. पण भावकीवरून औषध ठरत नाही, हे लगेच सांगून ठेवतो, नाही तर उद्या कोणीतरी दवण्याचा काढा करायचा!

आता तुम्ही म्हणाल, उंदीर न मारता काचनळीत परीक्षा नाही का करता येत? येते. १९७६ साली ट्रेगर आणि जेन्सन यांनी फॅल्सिपेरम परजीवी माणसाच्या रक्तात, शरीराबाहेर, सतत वाढवण्याची युक्ती काढली. परजीवीला प्राणवायू कमी लागतो. त्यांनी काय करावे? काचेच्या बंद भांड्यात एक मेणबत्ती पेटवून ठेवली. ती विझेपर्यंत प्राणवायू कमी होऊन कार्बन डायऑक्साइड वाढतो, आणि ती हवा परजीवीला मानवते. तेव्हापासून वनस्पतींचे अर्क तपासण्याचे काम फार सोपे झाले.

सोपे झाले, पण फसवेही झाले. आपल्या न्हाणीघरातला रिठा घ्या. त्याच्या पाण्याला फेस येतो तो सॅपोनिन या द्रव्यांमुळे. सॅपोनिन तांबड्या पेशी फोडते. परजीवी ज्या घरात राहतो ते घरच पडले तर तो मरणारच. काचनळीत रिठ्याचा अर्क मोठा गुणकारी दिसेल, पण ते औषध नव्हे. ते रक्ताचे विष झाले. म्हणून प्रत्येक अर्काला दोन प्रश्न विचारावे लागतात: परजीवीला किती मात्रेत मारतोस, आणि आमच्या पेशींना किती मात्रेत? या दोन मात्रांत मोठे अंतर असेल तरच पुढे जायचे.

कडुनिंबाची गोष्ट याहून निराळी. त्यातील निंबोलाइड आणि गेड्युनिन ही द्रव्ये काचनळीत परजीवीची वाढ रोखतात. उंदरांत मात्र ती तसा प्रभाव दाखवू शकली नाहीत. पोटात गेलेले द्रव्य आतड्यातून रक्तात शिरले पाहिजे, यकृताच्या तडाख्यातून वाचले पाहिजे आणि पुरेशा मात्रेत परजीवीपर्यंत पोहोचले पाहिजे. काचनळीला ना आतडे ना यकृत.

आणि आपल्या मुलीची सातवीण? तिचे शास्त्रीय नाव ॲल्स्टोनिया स्कॉलॅरिस. यातला 'स्कॉलॅरिस' शब्द शाळेवरून आला, कारण तिच्या लाकडाच्या पाट्या करीत. या झाडाची साल हिवतापावर वापरण्याची रीत भारतात आणि भारताबाहेरही जुनी आहे. तिची परीक्षाही झाली आहे. १९९० साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात सालीचे अर्क हिवताप झालेल्या उंदरांना दिले गेले. परजीवी मरत असल्याची खूण दिसली नाही. पण एका अर्काने उंदरांची प्रकृती थोडी सुधारली आणि ते काहीसे उशिरा मेले. हा निकाल मला फार मोलाचा वाटतो. आजीला काहीतरी दिसत होते, ते अगदीच भ्रामक नसेल. रोग्याला थोडे बरे वाटत असेल. पण आग तशीच होती. तक्त्यावर हे लिहिले असते तर तो प्रदर्शनातला सर्वांत चांगला तक्ता ठरला असता, असे मी त्या मुलीला सांगितले. तिने विचारले, "पण सर, 'उपयोग होत नाही' असं लिहिलं तर बक्षीस मिळेल का?"

या प्रश्नाचे उत्तर माझ्याजवळ नव्हते. शिक्षकांनो, ते तुमच्याजवळ आहे. आपण मुलांना 'बहुगुणी तुळस' आणि 'संजीवनी गुळवेल' असे मथळे देतो आणि गुणांची यादी जितकी लांब तितके गुण देतो. ज्या वनस्पतीत सगळेच गुण आहेत तिची परीक्षा कोणी घेतलेली नाही, असे खुशाल समजावे.

याविषयी आपल्याकडे दोन पक्ष आहेत आणि दोघांचेही मला पटत नाही. एक पक्ष म्हणतो, आमच्या पूर्वजांना सगळे ठाऊक होते, परीक्षा कसली घेता? दुसरा म्हणतो, पाला-पाचोळ्याच्या नादी काय लागायचे? पहिल्याचे ऐकले असते तर छिंगहावचा काढाच आजही चालला असता आणि दुसऱ्याचे ऐकले असते तर आर्टेमिसिनिन मिळालेच नसते. दोघांनाही एकच गोष्ट नकोशी वाटते: मोजणे.

मोजल्यावर काय दिसते याचा एक नमुना पाहा. आर्टेमिसियाच्या पानांचा चहा घ्यावा, महाग गोळ्या कशाला, असे आफ्रिकेत काही जण सांगत असत आणि आजही सांगतात. २००४ साली प्रसिद्ध झालेल्या काँगोमधील एका अभ्यासात फॅल्सिपेरमच्या १३२ रुग्णांपैकी काहींना हा चहा आणि काहींना क्विनीन दिले. सातव्या दिवशी चहावाल्यांपैकी सरासरी ७४ टक्के बरे दिसले, क्विनीनवाल्यांपैकी ९१ टक्के. येथे थांबलो तर चहा काही वाईट नाही असे वाटेल. पण चहा घेतलेल्या पुष्कळांच्या रक्तात परजीवी पुढच्या काही आठवड्यांत पुन्हा दिसू लागले. सातव्या दिवशी वही मिटली असती तर हे कळलेच नसते. शिवाय मात्रा अपुरी पडली की जे परजीवी वाचतात ते त्या द्रव्याला दाद न देणारे असण्याचा संभव वाढतो. आर्टेमिसिनिनला अंशतः दाद न देणारे परजीवी प्रथम कंबोडियात आढळले आणि आता आफ्रिकेतील काही देशांतही आढळले आहेत. म्हणूनच हे द्रव्य आज दुसऱ्या औषधाच्या जोडीने देतात. जागतिक आरोग्य संघटनेनेही पानांच्या चहाला मान्यता दिलेली नाही.

२०२३ साली जगात हिवतापाने सुमारे ५ लाख ९७ हजार माणसे दगावली. त्यांत बहुसंख्य आफ्रिकेतली लहान मुले होती. आपल्या राज्यात गडचिरोलीच्या जंगलपट्टीत हा रोग अजून ठाण मांडून आहे. फॅल्सिपेरम जातीचा ताप असेल तर दोन-तीन दिवसांची दिरंगाई जिवावर बेतू शकते. त्या मुलीच्या मामाने तीन-चार पाळ्या काढ्यावर काढल्या, म्हणजे आठवडाभर गेला. तो ताप बहुधा व्हायव्हॅक्सचा असावा, म्हणून निभावले. तेव्हा घरी कोणाला थंडी वाजून ताप आला, तर आशाताईंना बोलवा किंवा प्राथमिक आरोग्य केंद्रात जा, बोटातून रक्ताचा थेंब द्या. आजीचा काढा तपासण्याची ती वेळ नव्हे आणि घरातला रोगी हा उंदीर नव्हे.

मग शाळेत काहीच करू नये काय? जरूर करावे. अर्क तपासण्याची रीत शिकायला परजीवी लागत नाही, विरजण पुरते. लसूण घ्या. एका पाकळीचा कच्चा ठेचा, दुसरी आधी उकळून मग ठेचलेली, तिसरी अखंड. सारख्या चार वाट्यांत सारखे कोमट दूध आणि सारखे विरजण घाला. तीन वाट्यांत ही तीन तऱ्हेची लसूण टाका आणि चौथीत काहीच टाकू नका. ही चौथी वाटी सर्वांत महत्त्वाची. तिच्यावाचून बाकीच्या तिन्ही मुक्या राहतात. असा प्रयोग वर्गातल्या पाच गटांनी वेगवेगळा करावा. दही कुठे लागेल आणि कुठे नाही ते मी सांगत नाही. वाट्यांवर नावे लिहू नका, आकडे लिहा. कोणता आकडा कशाचा हे एकाच मुलाला ठाऊक असावे आणि त्याने ते कागदावर लिहून सरांच्या खिशात ठेवावे. वासावरून कळेल अशी शंका असेल, तर दही पाहणाऱ्याने नाक रुमालाने बांधून घ्यावे.